मोठी जागतिक संघटना की तिथलाच छोटा गट? दुसऱ्या देशातल्या आंदोलकांना मदत करायची असेल तर

मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितोय. तुमचं मत वेगळं असू शकतं.

मोठ्या संघटनांची ताकद खरी आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवाधिकार संघटना 1973 पासून 'अर्जंट ॲक्शन' चालवते, कोणाला उचललं की जगभरातून पत्रं जायला लागतात आणि तुरुंगवाल्यांना कळतं की या माणसाचं नाव बाहेर पोचलंय. कधीकधी तेवढ्यानेही मारहाण थांबते. पण त्यांचे स्वतःचे नियम असतात. मंडेलांनी सशस्त्र लढ्याची बाजू घेतली म्हणून 1964 मध्ये ॲम्नेस्टीने त्यांना 'प्रिझनर ऑफ कॉन्शन्स', म्हणजे हिंसा न करता फक्त मतांसाठी तुरुंगात टाकलेला माणूस, मानायचं थांबवलं. नियम समजू शकतो, पण लढा काही त्या नियमात बसायला सुरू होत नाही ना.

मला खटकलं ते वेगळंच. एका मोठ्या संघटनेसाठी मी तीन वर्षं पत्रं लिहिली आणि बहुतेकांचं पुढे काय झालं ते कधी कळलंच नाही. विचारलं की उत्तराऐवजी पुढच्या मोहिमेची मेल. एका विद्यार्थ्यासाठी सहा पत्रं लिहिली होती, तो माझ्या डोक्यात अजून तुरुंगातच आहे.

मग एका देशातल्या छोट्या गटाशी ओळख झाली, चार-पाच जण, त्यात एक वकील. त्यांची मेल म्हणजे अमका सुटला, तमक्याचा जामीन फेटाळला, त्याच्या आईला भेटीला जायला गाडीभाडं लागेल. बस, मला हेच हवं होतं.

अर्जेंटिनाचं बघा. 1977 पासून ब्यूनोस आयर्समध्ये प्लाझा दे मायो या चौकात, लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया फेऱ्या मारत होत्या. 1979 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग (अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेचा) आला तेव्हा हजारो लोक तक्रार द्यायला रांगेत उभे राहिले. वजन आयोगाचं होतं, मान्य, पण त्याच्यापुढे ठेवायला नावं न् तारखा होत्या त्या घरच्यांनी आणि तिथल्या गटांनी जीव धोक्यात घालून जपल्या होत्या म्हणून.

एक अडचण मात्र मोठी आहे. बाहेरचा पैसा या गटांच्या अंगाशी येऊ शकतो, रशियाने 2012 मध्ये अशा संस्थांना 'परदेशी एजंट' ठरवणारा कायदाच केला. तेव्हा आधी विचारा, पैसे चालतील का, कुठल्या मार्गाने. आम्हाला त्या छोट्या गटाने एकदा सरळ सांगितलं होतं, सध्या पैसे नकोत, सुनावणी होईपर्यंत फक्त या कैद्याचं नाव लोकांपर्यंत पोचवत राहा. त्या वेळी मोठ्या संघटनेलाच कळवलं, आणि त्यांनी ते काम चांगलं केलं.