बार्बेरियन की पॅलाडिन: मार कोण जास्त झेलतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांनुसार पाचव्या लेव्हलचे हे दोन योद्धे (बार्बेरियन रागाच्या भरात लढतो, पॅलाडिनकडे दैवी शक्ती असते) समोरासमोर ठेवू.

बार्बेरियन (कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा 16, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई 14): सरासरीने 55 हिट पॉइंट (किती मार झेलता येतो तो आकडा), चिलखताशिवाय आर्मर क्लास (हल्ला लागायला शत्रूने गाठायचा आकडा) 15. पॅलाडिन (कॉन्स्टिट्यूशन 14, चेन मेल म्हणजे कड्यांचं चिलखत, ढाल, डिफेन्स ही बचावाची स्टाइल): 44 हिट पॉइंट, आर्मर क्लास 19.

हल्ल्याला वीस बाजूंच्या फाशावर +6 आणि तलवारीचे 12 डॅमेज असलेला शत्रू घ्या. पॅलाडिनला तो 40 टक्के वेळा लागतो, म्हणजे दर हल्ल्याला सरासरी 4.8. बार्बेरियनला 60 टक्के वेळा लागतो, पण रेजमध्ये (त्याच्या रागाच्या आवेशात) तलवारीचं डॅमेज निम्मं होतं, म्हणून 3.6. इथे बार्बेरियन सरळ पुढे. मात्र रेकलेस अटॅक (बचाव सोडून बेफिकीर हल्ला) वापरला की शत्रूला अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो आणि आकडा 5.04 वर जातो. नवे खेळाडू दर टर्नला रेकलेस वापरतात आणि मग हिट पॉइंट कुठे गेले ते कळत नाही. शत्रू घोळक्याने आले असतील तर तो मोह टाळाच. मागच्या टर्नपासून शत्रूवर हल्ला केला नाही आणि मारही बसला नाही, तर टर्नच्या शेवटी रेज संपतो. दिवसाला रेज मिळतात फक्त तीन.

पॅलाडिनकडे ले ऑन हँड्सचे (स्पर्शाने जखमा भरण्याच्या शक्तीचे) 25 पॉइंट असतात, पण स्वतःवर वापरताना अ‍ॅक्शन जाते. पडलेल्या साथीदाराला एक पॉइंट देऊन उभं करणं जास्त किफायतशीर.

जादूपुढे गणित उलटतं. फायरबॉल या आगीच्या मंत्राचं डॅमेज साधा रेज कमी करत नाही (बेअर टोटेम ही बार्बेरियनची खास निवड घेतली तर करतो). विस्डम सेव्हला (मनावरची जादू परतवायच्या चाचणीला) बार्बेरियन कच्चा. पॅलाडिनला त्यात प्रावीण्य असतं आणि सहाव्या लेव्हलला ऑरा (भोवतालचं रक्षक वलय) मिळाला की दहा फुटांतल्या साथीदारांचेही सगळे सेव्ह सुधारतात. मोहिमेत जादूगार जास्त असतील तर पॅलाडिनच घ्या.