उंच कमानीचा पाय: घोट्यापर्यंतचे बूट की लो-कट शूज?

ओला पाय फरशीवर ठेवला की माझ्या पावलाचे दोन तुकडे उमटतात. पुढे चवडा, मागे टाच, मधला पूल जवळजवळ गायब, कारण तळव्याची कमान उंच आहे. तुमचाही ठसा असाच पडत असेल तर ट्रेकिंगसाठी पादत्राणं घेताना गाडी बहुधा इथेच अडते: घोटा झाकणारे बूट घ्यावेत, की लो-कट ट्रेल शूज घेऊन त्यात वेगळा इनसोल (तळव्याखालचा सुटा थर) घालावा? मी आधी बूट वापरले, आता शूज वापरतो. म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, तरी बुटांवर अन्याय करायचा नाही.

त्यांची बाजू भक्कम आहे. उंच कमानीचं पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं, त्यामुळे घोटा बाहेरच्या अंगाला मुरगळण्याची भीती आपल्याला जरा जास्तच. उंच कॉलर तो धरून ठेवते, निदान धरल्यासारखं तरी वाटतं. शिवाय आपला सगळा भार चवडा आणि टाच या दोनच जागांवर येतो. कडक सोलमुळे टोकदार दगड चवड्याला टोचत नाहीत. जड सॅक, बर्फ, घसरडी दगडधोंड्यांची वाट असेल तर मीही बुटांकडेच बोट दाखवीन.

माझं बिनसलं ते इनसोलपाशी. बुटासोबत आलेला इनसोल म्हणजे फोमची पातळ चकती, कमान तिच्यावर अधांतरीच राहायची. दिवसभर चाललं की संध्याकाळी टाच ठणकायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ यायची. कमानीला खालून टेकू देणारा जरा कडक इनसोल आणला, आणि दोन-तीन आठवड्यांत टाच बरीच शांत झाली. पण त्याने पाऊल बुटात थोडं वर उचललं गेलं. आपली कमान उंच, म्हणजे पावलाची वरची बाजूही उंच. तिच्यावर बुटाची जाड जीभ, जिभेवर लेस, आणि नेमक्या वळणावर हुक. उतारावर पाय पुढे सरकू नये म्हणून लेस आवळली की तासाभरात वरचं हाड दुखायला लागायचं, मग बोटांना मुंग्या, मग अंगठा बधिर. सैल सोडली तर बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी. बरोबरचे लोक पुढे निघून जायचे आणि मी दगडावर बसून लेस सोडायचो, बांधायचो, परत सोडायचो.

याला एक उपाय आहे: दुखऱ्या जागी लेसची फुली न घालता ती दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्यायची. फरक पडतो. पण माझ्या बुटांत त्या जागेला लागूनच हुक सुरू व्हायचे, मग सोडायचं तरी काय?

शूजमध्ये हाच इनसोल निमूट बसला. (आधीचा काढून मग हा घालायचा. एकावर एक घातले तर पुन्हा तीच अडचण.) जीभ पातळ, वरचं कापड थोडं ताणणारं, आणि लेस पायाच्या वळणाच्या खालीच संपते. तो बधिरपणा पुन्हा आला नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

मात्र ‘सपोर्ट’ या शब्दाला भुलू नका. आतल्या बाजूला कडक फोम असलेले ‘स्टॅबिलिटी’ शूज आत झुकणाऱ्या, बहुधा सपाट पावलांसाठी असतात. बाहेर कलणाऱ्या पावलाला ते आणखी बाहेर ढकलू शकतात. आपल्याला न्यूट्रल, म्हणजे पायाला कुठल्याच बाजूला न ढकलणारे, आणि चांगलं कुशन असलेले बरे. अगदी झिरो ड्रॉपच्या, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीत फरक (ड्रॉप) नसलेल्या शूजच्या वाटेलाही मी गेलो नाही. माझ्या पोटऱ्या आधीच आखडलेल्या, आणि टाच खाली गेली की पोटरीवरचा ताण वाढतो. 8 ते 10 मिलिमीटरचा ड्रॉप मला मानवला.

घोट्याचं काय? बुटांत माझा पाय एकदा मुरगळला होता, शूजमध्ये दोनदा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण काठी वापरायला लागलो आणि दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावली, तेव्हापासून भीती कमी झाली. शूजचा फोम लवकर बसतो, हे खरं गाऱ्हाणं. वरून सोल ठीक दिसत असतो आणि चवडा आधी कुरकुरतो.

काहीही घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, आपला इनसोल आणि ट्रेकचे मोजे घालून, उतारावर चालून बघा. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून थोडा वेळ धरणं आणि रोज पोटऱ्या ताणणं हे दोन्हींसोबत करावंच लागतं. एकाच पायाची कमान उंच असेल, ती वाढत चालली असेल किंवा पायातला जोर कमी वाटत असेल, तर खरेदी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

बूट मी टाकलेले नाहीत. सॅक फारच जड असली की ते बाहेर निघतात, आणि त्या दिवशी लेस सोडायला बसायचे थांबे मी आधीच वेळेत धरतो.