घारापुरीची लाँच आणि लेणी : विदर्भातून जाणाऱ्यांनी वार आणि वेळ आधी पाहावी

गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावतीची मुंबई गाडी, दोन्ही सकाळी लवकर सीएसएमटीला लागतात. घारापुरीसाठी, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटासाठी, याहून सोयीची वेळ नाही. फक्त वार चुकता कामा नये. रविवारी संध्याकाळी गाडीत बसलं की उतरणं सोमवारी, आणि सोमवारी लेणी बंद. गावाकडून येणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. त्या दिवशी गेटवेवर बंदरात चक्कर मारणाऱ्या लाँचचं तिकीट गळ्यात मारलं जातं, ती बेटावर उतरवत नाही. सोमवारी निघून मंगळवारी पोहोचा; रविवारची गर्दीही टळते.

सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप पाहिजे. दोरीनं बांधलेली पिशवी घेत नाहीत.

गेटवेहून पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, जायला तासभर लागतो. तिकीट खिडकीवरच घ्या, येण्याजाण्याचं एकच असतं. परतीचा तुकडा जपून ठेवावा, संध्याकाळी तोच दाखवावा लागतो. ‘गाईडसकट’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. वरच्या डेकला थोडे पैसे वेगळे पडतात. हवा छान, पण लाँच डुलते ती तिथंच जास्त जाणवते. वैनगंगेच्या डोंग्यात बसलेल्यालाही समुद्राचं हे डुलणं नवीन असतं. मळमळ होणाऱ्यानं खाली मधोमध बसावं, मोबाइल खिशात ठेवून दूरच्या किनाऱ्याकडे पाहावं. रिकाम्यापोटी बसू नये, तसंच मिसळ हाणूनही नाही. गोळी घ्यायची तर अर्धा तास आधी, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे, मांडीवर ठेवायचं नाही. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळून माणसं गेली आहेत.

उतरल्यावर धक्का लांबलचक आहे, कारण बेटाभोवती चिखल आणि उथळ पाणी. छोटी गाडी चालू असली तर म्हाताऱ्या माणसांना तिच्यात बसवावं. पुढं सुमारे 120 पायऱ्या. रामटेक चढणाऱ्याला त्या काहीच नाहीत, पण दम वेगळ्या कारणानं लागतो. आपल्याकडं बेचाळीस अंशांतही घाम अंगावरच वाळतो आणि अंग थंड होतं; इथं हवाच ओली, घाम वाळत नाही, अंग तापतच राहतं. तीस अंशांतही माणूस गळतो. माणशी दीड लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर सोबत ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची डोली मिळते, भाव बसण्याआधी ठरवा आणि तो जाऊन-येऊन दोन्हीचा आहे ना ते विचारा.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. चढताना खरेदी नको, ओझं होतं. माकडांची गोष्ट निराळी. रामटेकच्या वानरांची सवय असणारेही इथं फसतात, कारण ही माकडं पिशवीच्या कुरकुर आवाजावर झडप घालतात. दशम्या-चटणी कापडी पिशवीत, तीही बॅगेच्या आत. थंड पेयाची बाटली हातात धरून चालूच नये.

वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा. सुट्टे पैसे ठेवा.

सहाव्या शतकातल्या या लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बहुतेक लोक पहिल्या लेण्यात दहा मिनिटं थांबतात आणि बाकीच्या लेण्यांकडं पळतात. नेमकं उलट करावं. बाकीची अर्धवट आणि झिजलेली आहेत, वेळ पहिल्यालाच द्यावा. दार उत्तरेकडे आणि शिवाची तीन तोंडांची महेशमूर्ती पार दक्षिणेच्या भिंतीत, म्हणून उन्हातून आत गेलं की काहीच दिसत नाही. खांबाशी पाच मिनिटं उभं राहा, डोळे निवले की अंधारातून सुमारे अठरा फुटांची मूर्ती वर येते. आपल्या डाव्या हाताचं तोंड अघोराचं, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाचं : मिशा, कपाळावर आठी, हातात साप. उजवीकडचं वामदेवाचं, म्हणजे सौम्य रूपाचं, केसांच्या बटा आणि हातात कमळ, ओठ बाईसारखे मऊ. मधलं शांत. वाकाटक राजांच्या काळातला रामटेकचा केवल नरसिंह ज्यानं पाहिला आहे त्याला पुढच्या शंभरेक वर्षांत दगडातलं कोरीवकाम किती नरम झालं ते इथं कळेल. गाभाऱ्याला चार दारं आहेत, चारही बाजूंचे द्वारपाल पाहून मगच बाहेर पडा.

तोफांच्या टेकडीवर जायचं तर ऊन चढण्याआधी. तोफा दोनच आहेत, पण वरून न्हावा-शेव्याच्या क्रेन आणि बंदरातली जहाजं दिसतात. लेकरं थकली असतील तर ती टेकडी खुशाल सोडा.

जेवण धक्क्याजवळच्या हॉटेलांत मिळतं, महाग आणि बेताचं. शिदोरीच बरी. पर्यटकांना मुक्कामाची सोय नाही.

जून ते ऑगस्ट जाऊच नका, समुद्र खवळला की लाँच बंद होतात. सोयाबीन घरात आल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

परतीचं गणित कडक आहे. शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास, म्हणजे गेटवेला साडेसहा, पुढं संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून स्टेशन, आणि विदर्भ एक्सप्रेस सातच्या सुमारास सुटते. त्यात क्लोक रूमची रांग धरा. तीन-साडेतीनच्या लाँचला रांग लावा. अमरावतीची गाडी आठच्या आसपास आहे, तिच्यासाठी साडेचारची चालेल.