कांग यात्से-२ : शिखर झालं, तरी तीनच तारे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लडाखमधलं कांग यात्से-२ (६२५० मीटर) करून आले. आम्ही सहा जण लेहच्या एका कंपनीकडून गेलो होतो, त्यातले चार नाशिकचे. सप्टेंबरात निघणारे आत्तापासून विचारतायत, म्हणून आधी डोंगराचं सांगते, कंपनीचं नंतर.

बेस कॅम्पवरून रात्री अकराला निघालो. मोरेनची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडधोंड्यांची चढण संपते तिथे क्रॅम्पॉन (बुटांखालचे धातूचे काटे) बांधायचे. हंगामाच्या सुरुवातीला वरच्या उतारावर बूट रुतेल असा बर्फ असतो. आम्ही पोचलो तोवर तो वितळून खालचा जुना, निळसर, काचेसारखा कडक थर उघडा पडला होता. आइस ॲक्सचं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचं) टोक जेमतेम बोटभर आत जायचं. अशा जागी पाय सुटला तर ॲक्स रोवून थांबू, या भरवशावर अजिबात राहू नका. आदल्या दिवशीचा सराव मऊ बर्फावर झाला होता आणि तिथे सगळेच थांबत होतो.

हिमभेगा तीन लागल्या. दोन उघड्या होत्या, बाजूने वळसा घालून गेलो. तिसरीवर दोन दिवसांपूर्वी पडलेल्या बर्फाचं झाकण होतं. बॅटरीच्या उजेडात मला तिथे सपाट बर्फापलीकडे काही दिसलं नाही. गाइडने काठी खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली.

कंपनीच्या पत्रकात ‘तांत्रिक अनुभवाची गरज नाही’ असं छापलंय. लेहजवळचं स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे ‘सोपं सहा हजारी शिखर’ हवं असलेले आता इकडे वळतात, आणि हे शिखर त्याच नावाने विकलं जातं. माझ्या मते ऑगस्टअखेर हे वाक्य खोटं आहे. सह्याद्रीतली वीस वर्षं माझ्या फुप्फुसांच्या कामी आली, पण निळ्या बर्फावर पाय कसा टाकायचा ते त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

सामान लेहमध्ये निघायच्या आदल्या संध्याकाळी हातात पडलं. मी फॉर्मवर ३७ माप लिहिलं होतं, बूट ३९चे आले. दोन जोड मोजे घालून भागवलं. क्रॅम्पॉनची मधली पट्टी सैल होती, तीही चालेल म्हणाले. पहाटे तीनच्या सुमारास, उताराच्या ऐन मध्यावर डावा क्रॅम्पॉन निसटून घोट्याला लोंबकळायला लागला. एका पायावर उभी राहिले. गाइड खाली आला, हातमोजे काढून उघड्या बोटांनी त्याने पट्टा आवळला. ‘दीदी, नीचे मत देखो, मुझे देखो,’ एवढंच म्हणाला.

दुसरी गोष्ट दोराची. सात माणसांना एकच दोर, दोघांमध्ये चार-पाच फुटांचं अंतर. हिमभेगेत एक जण गेला तर मागच्याला सावरायला जागाच उरत नाही, आणि कडक बर्फावर एक घसरला की अख्खी माळ खाली जाते. गाइडला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने ऑफिसकडे दुसरा दोर मागितला होता, तो आलाच नाही. मग स्वतःजवळचे दोन आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचे, दोर अडकवायचे स्क्रू) लावून सगळ्यात वाईट दोन टप्प्यांवर त्याने एकेकाला वर घेतलं, उतरतानाही तसंच. दीड तास जास्त गेला, पायाची बोटं बधिर झाली, पण सहाही जण दुपारी बेस कॅम्पवर चहा पीत होतो.

म्हणून तीन तारे. तिन्ही त्या गाइडचे, स्वयंपाक्याचे आणि खेचरवाल्याचे. उंचीची सवय व्हायला दिलेले दिवसही पुरेसे होते: लेहला तीन रात्री, मग मारखा खोऱ्यातून चालत निमालिंग. कुणाचंही डोकं दुखलं नाही. निमालिंगच्या थंडीतला गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) तर अजून आठवतोय. कापलेले दोन तारे ऑफिसचे.

सप्टेंबरात जाणार असाल तर पैसे भरण्याआधी दोर किती, आइस स्क्रू किती आणि एका गाइडमागे माणसं किती, हे लेखी घ्या. बूट-क्रॅम्पॉन लेहला पोचल्या दिवशीच घालून पाहा, निघायच्या आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. मी परत आल्यावर स्वतःचे क्रॅम्पॉन घेतलेत. नाशिकचं कुणी जाणार असेल आणि बुटाला बसत असतील, तर घेऊन जा. मला पुढच्या जूनपर्यंत लागणार नाहीत.