ब्लेंडरवाला बबल सीपॅप: सांगली-मिरजेच्या छोट्या एनआयसीयूला कितपत उपयोगी?

जत-आटपाडीकडून कमी दिवसांचं बाळ मिरजेच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) येतं, तेव्हा वाटेत सिलिंडरचा निव्वळ ऑक्सिजन चालूच असतो. प्रवासात इलाज नसतो, पण वॉर्डात तोच चालू राहिला तर नुकसान सुरू होतं. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन या शरीरातल्या द्रव्यांची फुप्फुसाला मिळणारी राखण गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत तयार होते. २८ आठवड्यांच्या बाळाकडे ती तुटपुंजी असते. जादा ऑक्सिजनमधून निघणारे फ्री रॅडिकल्स (अस्थिर, मारक रेणू) कोवळ्या पेशी बिघडवतात, आणि गर्भारपणापासून मोजून ३६ आठवडे भरले तरी बाळाचा ऑक्सिजन सुटत नाही. हाच बीपीडी (ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेजिया), फुप्फुसाचा रेंगाळणारा आजार. म्हणून बबल सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देऊन फुप्फुस उघडं ठेवणारं मशीन, एकाच कसोटीवर तपासलं: ऑक्सिजन किती नेमका, किती कमी देता येतो?

ट्रॉलीवर ब्लेंडर (हवा-ऑक्सिजन मिसळणारा), ह्युमिडिफायर (वायू ओलसर करणारा) आणि बबल चेंबर (पाण्यात बुडवलेल्या नळीने दाब राखणारा) असा हा देशी बनावटीचा संच आहे. पैसे वसूल होतात ते ब्लेंडरमुळे. २१ ते १०० टक्के हवं ते मिश्रण मिळतं. मात्र हवा आणि ऑक्सिजन दोन्ही साधारण ५० पीएसआय दाबाला हवेत. एक बाजू पडली की शिट्टी वाजते. ती वैतागून बंद करण्याची चूक महागात पडते, कारण हवा गेली की ब्लेंडर उरलेला वायू तसाच पुढे सोडतो. नॉब ३० वर दिसतो आणि बाळाला १०० टक्के जात असतो. कोटेशनमध्ये ऑइल-फ्री कंप्रेसर धरलाय का, हे आधी विचारा. बहुधा तो वेगळा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा अॅनालायझरही घ्याच. प्रत्येक बाळाआधी २१ आणि १०० ला तपासायचा. त्याचा सेन्सर संपणारी वस्तू आहे, हे खर्चात धरा.

ब्लेंडर नसेल तर दोन फ्लोमीटर वाय-कनेक्टरने जोडून हिशेब करावा लागतो: २ लिटर ऑक्सिजन आणि ६ लिटर हवा म्हणजे सुमारे ४१ टक्के, १ आणि ७ म्हणजे ३१. मिश्रण दिल्याने सिलिंडरही वाचतो. ७ घनमीटरचा जंबो ८ लिटरच्या निव्वळ धारेवर साडेचौदा तासांत संपतो, २ लिटरवर दोन दिवसांहून जास्त पुरतो. ब्लेंडरला ब्लीड (सतत थोडा वायू बाहेर सोडणारी वाट) असेल तर तेवढा वायू वाया जातो, तो वजा करा.

बबल चेंबर बरा आहे. नळी पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवून सुरुवात करा (खोली तेवढा दाब), फ्लो मिनिटाला ५ ते ८ लिटर. सर्किटमधलं पाणी चेंबरमध्ये उतरतं आणि ५ चे नकळत ७ होतात. या चेंबरला ओव्हरफ्लोचं भोक आहे, ही जमेची बाजू. बुडबुडे थांबले तर फ्लो वाढवण्याआधी प्राँगचा (नाकात बसणाऱ्या छोट्या नळीचा) आकार, उघडं तोंड, सुटलेला सांधा पाहा. वॉटर ट्रॅप बाळाच्या पातळीखालीच टांगायचा.

सोबतच्या प्राँग्स मात्र निराशाजनक: दोनच आकार, कडक कडा. सेप्टमला (नाकपुड्यांमधल्या पडद्याला) टेकल्या की जखम ठरलेली. मऊ प्राँग्स वेगळ्या मागवा आणि सेप्टमपासून २ मिलिमीटर जागा सोडा. टोपीही दोन दिवसांत सैल होते.

यासोबत पल्स ऑक्सिमीटर चांगला नसेल तर सगळं फुकट. ऑक्सिजन चालू असताना ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९० ते ९५ टक्के राखा. वरचा अलार्म ९५ ला लावायचाच. रात्रपाळीत तो सर्रास बंद केला जातो आणि बाळ तासन्‌तास ९९ वर राहतं. बाळ २१ टक्क्यांवर असेल तरच वरच्या अलार्मला सुट्टी. आणि ८५ ते ८९ वर ठेवून फुप्फुस वाचवू म्हणाल, तर मोठ्या चाचण्यांत त्या गटात मृत्यू जास्त दिसले.

राहिला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’च्या, म्हणजे फ्री रॅडिकल्सची झळ मोजणाऱ्या, चाचण्यांचा मोह. एमडीए या मार्करची नेहमीची रंगचाचणी नमुना हिमोलाइझ झाला (तांबड्या पेशी फुटल्या) की फसते. नमुना नीट गोठवला नाही तर ८-आयसोप्रोस्टेन हा दुसरा मार्कर नळीतच तयार होत राहतो. लघवीतलं ८-ओएचडीजी हा तिसरा मार्कर क्रिएटिनीनने भागावा लागतो, आणि क्रिएटिनीनच या बाळांत हलत असतं. ८०० ग्रॅमच्या बाळात रक्त जेमतेम ७० मिलिलिटर. त्यातलं एक मिलिलिटर अशा आकड्यासाठी काढणं पटत नाही. या मार्करवर उपचार बदलावा इतका भरवसा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत एन-अॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटने बीपीडी कमी झाला नाही. श्वासनलिकेतून दिलेल्या डिसम्यूटेजनेही नाही, जरी त्या बाळांना वर्षभराने दम्याची औषधं कमी लागली. फरक पाडला तो स्वस्तातल्या कॅफीनने: २००६ च्या चाचणीत बीपीडी ४७ वरून ३६ टक्क्यांवर आला. मार्करच्या चाचण्यांचा पैसा अॅनालायझरच्या सेन्सरला ठेवा.

सर्व्हिसचं लेखी घ्या: इंजिनिअर कुठून, किती तासांत येणार, तोवर बदली मशीन देणार का. कंप्रेसरच्या हवेचा फिल्टर पावसाळ्यात रोज पाहून पाणी काढावं लागतं. आणि कंप्रेसर तळमजल्यावर बसवू नका. कृष्णेचं पाणी २०१९ मध्ये सांगलीत कुठवर आलं होतं, ते विक्रेत्याला ठाऊक नसेल, तुम्हाला आहे.