आईकडचा डीएनए: चाचणी चांगली, पण एकच किट पुरे

सासरचा आणि माहेरचा, दोन्ही कुलवृत्तांत घरात आहेत. नऊ-नऊ पिढ्यांचे पुरुष नावानिशी सापडतात. माझ्या आईच्या आजीचं माहेरचं नाव मात्र कुठेच नाही, आणि ८१ वर्षांच्या आईलाही आठवत नाही. म्हणून मायटोकॉन्ड्रियल डीएनएची चाचणी मागवली. हा डीएनए पेशीच्या केंद्रकाबाहेर असतो आणि आईकडूनच येतो. मुलग्यालाही मिळतो, पण त्याच्यापाशीच थांबतो.

किट सुटसुटीत आहे. आईने तासभर आधी चहा टाळला, कवळी काढून वाटीत ठेवली. मी गालाच्या आतून काडी फिरवत होते तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. रिपोर्टला नऊ आठवडे लागले.

रिपोर्टवर मी खूश आहे. स्वस्तातल्या चाचण्या ठरावीक जागाच तपासतात. इथे या डीएनएची सगळी १६,५६९ अक्षरं, म्हणजे ओळीने जोडलेले रासायनिक घटक, वाचलेली आहेत. १९८१ साली केंब्रिजमध्ये ही संपूर्ण मालिका पहिल्यांदा वाचली गेली, आज ती माझ्या आईच्या नावाने हातात आली! आमचा गट, म्हणजे मातृवंशाची शाखा, निघाला एम३०. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा मातृवंश एम या मोठ्या शाखेत येतो, एम३० ही तिचीच डहाळी. रेबेका कान, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये १४७ जणांच्या नमुन्यांवरून माणसांच्या मातृवंशाच्या या झाडाचं मूळ आफ्रिकेत असल्याचं दाखवलं होतं.

आता तक्रार. मला 'माय-लेक संच' म्हणून दोन किटं विकली. फोन करून विचारलं, तर दोघींचे निकाल वेगळे येतील म्हणाले. दोन्ही रिपोर्ट अक्षर न अक्षर सारखे आले. ते येणारच होते! कंपनीचं नाव देत नाही, पण माहीत असून असं विकणं मला अजिबात पटलं नाही. जाहिरातीतलं 'तुमचे सगळे पूर्वज ओळखा' हेही चूक आहे. दहा पिढ्या मागे गेलं तर १०२४ जागा भरतात, त्यातल्या एकाच बाईबद्दल ही चाचणी बोलते. गाव, जात, आडनाव यातलं काही कळत नाही.

आईने रिपोर्ट ऐकून एवढंच विचारलं, "आणि माझ्या आजीचं नाव?" ते यात नसतं, हे तिला सांगताना जड गेलं.

मावशीची मुलगी परवा किट मागवायला निघाली होती. तिला म्हटलं, अगं, थांब, माझा रिपोर्ट तोच तुझा.