फेरफार, नामावळी की भाटाची वही? खानदेशातल्या घराण्याचा शोध कुठून सुरू करावा

खानदेशातल्या घराण्याची वंशावळ लावायला बसलं की तीन वाटा समोर येतात: फेरफारासारखे महसुली कागद, तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांची नामावळी आणि वंशावळ सांगणाऱ्या भाटाची वही. तिन्ही एकदम धरल्या तर हेलपाटे वाढतात आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या नावांचा ढीग होतो. घराण्याकडे शेती होती का, पूर्वज किती पिढ्या एकाच गावात राहिले आणि तुम्हाला नुसती नावं हवीत की नात्याचा पुरावा, हे पाहून पहिली वाट ठरवावी.

त्याआधी एक काम घरबसल्या होतं. भाऊबंदकीत कुणी जातवैधता प्रमाणपत्र काढलं असेल तर त्याची फाईल मागून घ्या. त्यात शपथपत्रावरची वंशावळ असते आणि जुने उतारेही जोडलेले असतात. अनुसूचित जमातीसाठी 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 1961 आणि ओबीसींसाठी 1967 च्या आधीचे पुरावे लागतात, म्हणजे कुणीतरी तिथवर खणलेलं असतंच. मात्र ती वंशावळ अर्जदारापुरती असते. पणजोबांचे भाऊ, आत्या, निपुत्रिक वारलेले चुलते त्यात बहुधा गाळलेले असतात. ती आधाराला घ्यावी, पूर्ण मानू नये.

शेती असेल तर फेरफार आधी

आमचं मत स्पष्ट आहे. घराण्याकडे पूर्वी एक बिघा जरी जमीन होती, तरी सुरुवात फेरफारापासूनच, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीपासूनच, करावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा. त्यानंतर गावोगाव हक्कपत्रकं तयार झाली. तेव्हाचा खातेदार एकोणिसाव्या शतकात जन्मलेला असतो, त्यामुळे एकाच साखळीत चार-पाच पिढ्या सापडतात, त्याही तारखेसकट.

रीत अशी. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात असलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. ते सगळे उतरवून घ्या आणि त्यातले वारसाचे फेरफार आधी काढा. प्रत्येक फेरफार मागच्या खातेदाराकडे नेतो. त्याच्या जोडीला गाव नमुना 6क, म्हणजे वारस नोंदवही, पाहावी. स्कॅन झालेले जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून शोधता येतात. तिथं गाव दिसलं नाही किंवा पान वाचता आलं नाही, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज द्यावा लागतो. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याचं हे नवं पदनाम) अलीकडचं दप्तरच असतं, त्यामुळे 1930 चा कागद त्यांच्याकडे मागून उपयोग होत नाही.

साखळी हमखास तुटते ती गटवारीपाशी. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून 1940 चा उतारा शोधला तर भलत्याच घराण्याची जमीन निघते. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारं पत्रक घ्यावं आणि मगच मागं जावं.

आता कागद कसा वाचायचा ते पाहू. समजा ओळ अशी आहे: ‘धोंडू वलद सुका ए.कु.मॅ. मयत, वारस 1) नथ्थू 2) दगा अ.पा.क. आई भागाबाई’. वलद किंवा बिन म्हणजे ‘चा मुलगा’, म्हणून सुका हा धोंडूचा बाप. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, काही ठिकाणी ए.कु.पु. लिहितात. दगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता (अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता) आणि भागाबाई त्याची पालनकर्ती. यातलं मोलाचं अक्षर ए.कु.मॅ. आहे. एकत्र कुटुंबात खात्यावर थोरल्याचंच नाव असायचं, धाकटे भाऊ कागदावर दिसतच नाहीत. पुढं वाटणीच्या फेरफारात ते अचानक उगवतात आणि वाचणारा त्यांना धोंडूची मुलं समजून एक पिढी खाली ढकलतो. वंशावळीतल्या बऱ्याच चुका इथंच होतात. प्रत्येक नावापुढचं ‘वलद’ पाहिल्याशिवाय त्याला जागा देऊ नका.

तारखेचंही तसंच. वारस नोंद मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनीही झालेली असते. नोंदीची तारीख मृत्यूची म्हणून लिहू नये. आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुली जवळजवळ नसतात. त्यानंतर मात्र लेकींची नावं, कधी सासरच्या गावासह, येऊ लागतात. आत्या-पणजी शोधायच्या असतील तर 1956 नंतरचे वारस फेरफार आणि हक्कसोड पत्रं बारकाईनं वाचा.

शेती नसेल तर कोतवाल बुक

भूमिहीन, बलुतेदार, सालदार घराण्यांना फेरफाराचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. त्यात गावातल्या प्रत्येक घराची नोंद अपेक्षित आहे, हीच तिची ताकद.

पण तिच्यात शोधणं किचकट आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. आडनावही क्वचित. गावात एकाच जातीचे तीन ‘राघो’ असतील तर कोणाचं मूल कोणतं हे आजोबाच्या नावावरून ठरवावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्यानं थोरल्या मुलाची नोंद आजोळच्या गावच्या वहीत असू शकते. आपल्या गावात सापडलं नाही म्हणून शोध सोडू नका. मृत्यूच्या नोंदी तुलनेनं सोप्या, पण वय अंदाजे लिहिलेलं असतं. 1918 ची पानं आवर्जून पाहा. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत एकाच घरातले दोघं-तिघं काही दिवसांच्या अंतरानं गेलेले दिसतात आणि पुढची पिढी चुलत्याच्या घरी का वाढली ते कळतं.

पणजोबा शाळेत गेले असतील तर दाखलखारीज रजिस्टरचा निर्गम उतारा घ्यावा. जन्मतारीख शिक्षकानं अंदाजे लावलेली असू शकते, बापाचं नाव आणि गाव मात्र सहसा खरं असतं.

जुनी पानं मोडीत असतील तर अंदाजानं अक्षरं लावू नयेत, मोडी जाणणाऱ्याकडून संपूर्ण ओळीचं लिप्यंतर करून घ्यावं. घराण्याकडे वतन, देशमुखी किंवा मठाशी संबंध असेल तर धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर इथली जुनी कागदपत्रं व हस्तलिखितं तुमच्या कामाची. साध्या शेतकरी घराण्याला तिथं थेट नाव मिळण्याची आशा कमी.

जिल्ह्याचा घोळ आधीच सोडवून ठेवा. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, तेच पुढं जळगाव आणि धुळे. नंदुरबार वेगळा झाला 1998 मध्ये. मालेगाव आणि बागलाण तर 1869 मध्येच नाशिकला जोडले गेले. निझर-उच्छलकडची गावं 1960 मध्ये गुजरातेत गेली. मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद म्हणून सापडतं. अर्जात गावाचं जुनं आणि नवं नाव, जुना तालुका, तिन्ही लिहा.

नामावळी आणि भाट

कागद संपतात तिथून पुढं नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांची नामावळी. अस्थिविसर्जन किंवा श्राद्धाला आलेल्या माणसानं आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव लिहून दिलेलं असतं. फेरफारात न दिसणारे धाकटे भाऊ इथं मिळतात, हा मोठा फायदा. जाताना मूळ गाव, जुना तालुका, जात आणि कूळ घेऊन जा. नुसतं ‘पाटील’ सांगून काही होत नाही, कारण खानदेशात मराठा, लेवा, गुजर, राजपूत अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत. कुलदैवत सांगितलं तर कूळ ठरायला मदत होते. म्हसदीची धनदाई मानणारे आणि आडगावची मनुदेवी मानणारे पाटील एकाच वंशावळीत घालू नयेत. पानाचा फोटो विचारूनच घ्या. पितृपक्ष आणि 2026-28 चा सिंहस्थ टाळा, गर्दीत वही निवांत उघडली जात नाही. नोंद नाहीच मिळाली तर घराण्याचे विधी प्रकाशा किंवा चांगदेवला होत होते का, ते जुन्या माणसांना विचारा. नोंदीत शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर त्यात 78 मिळवून इसवी सन काढा, जानेवारी ते फाल्गुन अखेर 79.

भाटाची वही सर्वांत मागं नेते आणि तपासायला सर्वांत अवघड. अलीकडच्या तीन-चार पिढ्या फेरफाराशी जुळल्या तरच वरच्या पिढ्यांवर भरवसा ठेवावा. राजस्थान-गुजरातेतून निघालेल्या मूळ पुरुषाची कथा वेगळ्या पानावर लिहावी, वंशवृक्षात नाही.

भाऊबंदांपुढं ठेवताना

व्हॉट्सॲप ग्रुप माहिती गोळा करायला उत्तम, साठवायला वाईट. फोटो दाबले जाऊन मोडी अक्षर पुसट होतं, म्हणून पान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साठवायला ग्रॅम्प्स हे वंशावळीचं मोफत सॉफ्टवेअर आम्हाला जास्त पसंत आहे. ते आपल्याच संगणकावर चालतं, देवनागरी घेतं, प्रत्येक नावाला पुरावा जोडता येतो आणि जेडकॉम (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची) फाईल दुसऱ्याला देता येते. फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ मोफत आहे आणि परगावच्या नातलगांना जोडायला सोपं, पण तिथं झाड सगळ्यांचं एकच. मयत माणसाची माहिती कुणीही बदलू शकतं. भाऊबंदकीत एक जबाबदार माणूस लक्ष ठेवणार असेल तरच तिथं चढवा. आजाचंच नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं साधन कोणतंही घ्या, मूळ पुरुषाला 1, मुलांना 1.1, 1.2, नातवांना 1.1.1 असे क्रमांक द्या. दोन ‘सुका’ मग एकमेकांत मिसळत नाहीत.

पडताळणीला कानबाईच्या सणासारखा मोका नाही. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजले जातात, तेव्हा त्या पिढीची यादी आपोआप बोलली जाते. कच्चा वंशवृक्ष मोठ्या अक्षरांत छापून न्या, शेजारी पेन ठेवा, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. लेकींच्या, आत्यांच्या जागा तेव्हाच भरून घ्या.

ग्रुपवर फेरफार जसाच्या तसा टाकू नका. गट नंबर आणि क्षेत्र झाकून फक्त वारसांची ओळ द्या, नाहीतर चर्चा वंशावळीवरून वाटणीवर जाते. हयात माणसांच्या जन्मतारखा, मोबाईल आणि आधार क्रमांक वगळा. दत्तक किंवा पाटाच्या लग्नाची (पुनर्विवाहाची) नोंद आधी त्या घरच्यांना दाखवा, ते हो म्हणाले तरच पुढं पाठवा.